पुढचे सस्पेंशन

आमच्या कार्यालयाची पानगे पार्टी दरवर्षी जानेवारीतल्या एका रविवारी रावणवाडीच्या धरणावर होते आणि तिची यादी चार-पाच दिवस आधी नोटीस बोर्डावर लागते. वांगी कोणाकडे, कणीक कोणाकडे, पानगे म्हणजे कणकेच्या जाड रोट्या ज्यांत थापून भाजायच्या ती पळसाची पानं कोण तोडणार, आणि सगळ्यात खाली कोण कोणाच्या गाडीतून जाणार. गेल्या वर्षीच्या यादीतली शेवटची ओळ अशी होती : 'वाहन क्र. ४. चालक : श्री. सार्वे. प्रवासी : श्री. सार्वे.' ही ओळ आमच्या बडे बाबूंनी, म्हणजे तेजरामजींनी स्वतः टाइप केली होती. रकाना रिकामा सोडणं त्यांच्या स्वभावात नाही.

श्री. सार्वे म्हणजे मी. कनिष्ठ लिपिक, आवक-जावक. भंडाऱ्यात खात रोडकडे भय्याजींच्या घरी मागची एक खोली भाड्याने घेऊन राहतो. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि एक मी. यातल्या खुर्चीचा वापर सर्वांत कमी होतो.

माझी गाडी मात्र साधी नाही. नागपूरच्या एका डॉक्टरच्या मुलाने हौसेने घेतलेली, मग दुसऱ्या कोणी तरी चालवलेली आणि शेवटी माझ्या नशिबी आलेली लाल रंगाची छोटी पण तेज गाडी. इंजिन असं, की पाय ठेवला की कारध्याचा पूल संपतो आणि आपण काय ठरवून निघालो होतो ते आठवायच्या आत लाखनी येते. मागच्या दारावर इंग्रजीत 'स्पोर्ट' असं लिहिलेलं होतं. त्यातलं शेवटचं अक्षर गळून पडल्यामुळे आता नुसतं 'स्पोर' उरलं आहे. लोक मला त्याचा अर्थ विचारतात. मी सांगतो, जपानी आहे.

दोष एवढाच, की गाडीचा समोरचा भाग थकलेला होता. खड्डा आला की खट्टाक आवाज व्हायचा, आणि ब्रेक मारला की गाडी पुढे वाकून समोरच्याला नमस्कार करायची. आत बसलेल्यालाही करावा लागायचा. आस्थापनेच्या साधना मॅडम एकदा माझ्यासोबत घरी निघाल्या होत्या. त्रिमूर्ती चौकात त्यांनी एका बैलाला, एका ट्राफिक पोलिसाला आणि एका बँडवाल्याला असे तीन नमस्कार केले आणि चौथ्याच्या आधी उतरून ऑटो केला. तेव्हापासून माझ्या गाडीत कोणी बसलं नाही.

यावरून मी असा निष्कर्ष काढला, की माणसं माझ्यापाशी बसत नाहीत याचं कारण समोरचं सस्पेंशन आहे. दुसरंही कारण असू शकतं हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्याचा पार्ट बाजारात मिळत नाही.

तर यंदाच्या यादीत माझ्या नावापुढे तीन नावं यावीत, एवढाच माझा प्रकल्प होता. तीन. फार नाही. जीपवाल्यांपुढे आठ-आठ असतात.

गाडीच्या समोरच्या चाकांवर काय बसवायचं, हा प्रश्न वरून सोपा दिसतो. कंपनीचा शॉकप काढायचा, कंपनीचा शॉकप लावायचा. पण आपली गाडी तेज आहे हे एकदा मनाने घेतलं की कंपनीचा माल लावणं म्हणजे पैलवानाला बाळाच्या दुपट्यात गुंडाळण्यासारखं वाटायला लागतं. मी इंटरनेटवर वाचायला बसलो. नुसत्या आखूड स्प्रिंगा लावा, गाडी जमिनीला चिकटून चालेल, असं एका पंथाचं म्हणणं. स्प्रिंगा लावून शॉकप जुनाच ठेवणारा माणूस अडाणी असतो, असं दुसऱ्याचं. तिसरा पंथ कॉइलओव्हरवाल्यांचा. त्यात स्प्रिंग आणि शॉकप एकाच नळीवर जोडून येतात, पान्याने फिरवून गाडी वरखाली करता येते आणि मालकाला आयुष्यात पहिल्यांदा काही तरी आपल्या हातात आहे असं वाटतं. मी तिसऱ्या पंथाची दीक्षा घेतली.

हे सगळं मी मनातल्या मनात केलं असतं तर बरं झालं असतं. पण एका संध्याकाळी भय्याजींनी मला गाडीखाली डोकं घालून पडलेलं पाहिलं. भय्याजी वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. तेव्हापासून त्यांना गावातल्या कुठल्याही लोखंडी वस्तूबद्दल बोलायचा अधिकार आहे, असं त्यांचं मत आहे. मुलगा हैदराबादला असतो आणि त्याच्याकडे लोखंडी काही नाही. त्यामुळे ते मोकळेच असतात. त्यांनी माझ्या जुन्या स्प्रिंगवर नाणं वाजवून पाहिलं, कान लावून ऐकलं आणि लोखंड रडून राहिलं असं निदान केलं. मग म्हणाले, "बंडीले कुठं सस्पेंशन रायते? तरी बसतेतच ना मानसं."

मी म्हणालो, बैलबंडीत बसणाऱ्याला दुसरा इलाज नसतो. ते म्हणाले, तुले तरी कुठं हाय.

त्यांच्या बायकोने, जनाबाईंनी, ओट्यावरूनच सुचवलं, की समोर लिंबू-मिरची बांध, मागच्या मालकाची नजर असंल. पानठेल्यावाल्याने स्प्रिंगच्या वेढ्यांत ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे कोंबायला सांगितलं. त्याच्या साळ्याने कोंबले होते आणि आता त्याच्या गाडीचा आवाज येत नाही. गाडी चालू आहे का, असं विचारल्यावर तो म्हणाला, ते मले मालूम नाही.

शेवटी मी पुण्याच्या एका दुकानाला फोन लावला. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. स्प्रिंग किती कडक पाहिजे ते वजनावर ठरतं, म्हणून त्याला काही प्रश्न विचारायचे होते. रस्ते कसे? मी म्हणालो, आहेत. वेग? मी म्हणालो, माझा की रस्त्याचा. मग त्याने विचारलं, "गाडीत साधारण किती जण असतात, सर?"

हा प्रश्न इतक्या सरळपणे मला आजवर कोणीच विचारला नव्हता. मग मी म्हणालो, चौघं.

"नेहमी?"

"नेहमीच. उतरतच नाहीत."

"आणि तुमच्या बाजूला जे बसतात त्यांचं वजन अंदाजे?"

मी डोळ्यांसमोर तेजरामजींना आणलं. ते सहज आले नाहीत, दारातून आडवे होऊन आले. मी म्हणालो, एकशे पाच. पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो म्हणतात. माझा बदलला नाही. मी खोटं बोलत नव्हतो, थोडं पुढचं बोलत होतो एवढंच.

किट आठवडाभरात आलं. आता ते बसवायला वरठी रोडवरचा बंटी मेकॅनिक, आणि बंटीचा नियम असा, की काम चालू असताना मालक समोर उभा पाहिजे. नंतर एखादा नट उरला तर दाखवू कोणाले, असं तो म्हणतो. म्हणजे मंगळवारची रजा टाकणं आलं. मी शुक्रवारी दुपारी अर्ज लिहिला : 'माझ्या गाडीच्या फ्रंट सस्पेंशनच्या कामाकरिता एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी.'

तेजरामजींनी तो दोन बोटांत धरून परत दिला. कार्यालयीन अर्जात इंग्रजी शब्द चालत नाही, शिवाय खाजगी वाहनाचा उल्लेख शासकीय कागदावर नको, कोणी माहिती अधिकारात मागितला तर पंचाईत होते. मी 'गाडीच्या' हा शब्द काढला. 'फ्रंट'चं 'पुढील' केलं. 'सस्पेंशन' उरलं. साधना मॅडमनी आपल्या कपाटातला शासकीय शब्दकोश काढला, चष्मा लावला आणि सस्पेंशनसमोरचा पहिला शब्द मला वाचून दाखवला. मी तो लिहिला. मागचे शॉकप चांगले आहेत, म्हणजे एकाच दिवसात काम होईल, हेही साहेबांना कळावं म्हणून मी एक वाक्य आपलं वाढवलं. पूर्ण अर्ज असा झाला :

'माझ्या पुढील निलंबनाचे काम असल्याने मंगळवारी एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी. मागील निलंबन सुस्थितीत आहे.'

तेजरामजींनी व्याकरण तपासलं, शिक्का मारला आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब प्रशिक्षणाला गेले होते ते पुढच्या शुक्रवारी येणार होते. अर्ज व्याकरणासाठी वाचला तेव्हा तेजरामजींना त्यात काही वाटलं नाही. अर्थ त्यांना घरी जेवताना लागला.

सोमवारी कार्यालयात काही तरी वेगळं होतं. मी आत गेलो की बोलणं थांबायचं. हे नेहमीचंच, पण त्या दिवशी बोलणं थांबल्यावर लोक माझ्याकडे पाहत होते. साधना मॅडमनी मला आपल्या डब्यातली वालाची भाजी वाढली. प्रवीणने, जो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि मला गेली दोन वर्षं 'ओ' म्हणतो, मला धनंजय म्हटलं. मला वाटलं, माझा वाढदिवस असेल. मी कॅलेंडर पाहिलं. नव्हता.

मंगळवारी मी बंटीकडे उभा होतो. म्हणजे कार्यालयात नव्हतो. आणि ज्याच्या निलंबनाची चर्चा आहे तो माणूस दुसऱ्या दिवशी आलाच नाही, यापेक्षा मोठा पुरावा कोणत्याही कार्यालयाला लागत नाही.

बंटीने काम चोख केलं. नट उरला नाही, उलट एक कमी पडला. पण गाडी जॅकवरून खाली उतरली तेव्हा ती खाली उतरलीच नाही. समोरून नाक वर करून उभी राहिली, दारात आलेल्या पाहुण्याकडे सासरची मंडळी पाहतात तशी. मी एक चक्कर मारून आलो. जुनी गाडी नमस्कार करायची, ही उड्या मारत होती. स्टेशनच्या रस्त्यावरचा एकेक खड्डा माझ्या मणक्यातून वर चढून टाळूपर्यंत येऊन परत जात होता. बंटी बोनेटवर दोन्ही हातांनी रेटा देऊन पाहत म्हणाला, "सर, हे भरल्या गाडीचे स्प्रिंग आहेत. माल चांगला आहे. पण याले वजन पाहिजे." मग त्याने काचेतून आत डोकावून पाहिलं. "तुमच्यासंग कोणी बसत नाही का?"

मी म्हणालो, बसणार आहेत.

संध्याकाळी उड्या मारत घरी पोचलो तर माझ्या खोलीत दिवा लागलेला. आत तेजरामजी खाटेवर, साधना मॅडम खुर्चीवर, प्रवीण उलट्या बादलीवर आणि भय्याजी दाराला टेकून. माझ्या खोलीत एका वेळी इतकी माणसं मी कधीच पाहिली नव्हती. आत शिरायला जागा नव्हती, म्हणून मी माझ्याच उंबऱ्यावर उभा राहिलो.

भय्याजी म्हणाले, "काहून रे, आमाले सांगतलं नाही? दोन डाव झालं म्हंते."

मला आधी कळेना. मग कळलं : एक मागील, एक पुढील. मी ताबडतोब खुलासा केला, की ते माझं नाही हो, ते गाडीचं आहे.

तेजरामजींनी डोळे मिटले. "म्हणजे गाडीत घेतले?"

"गाडीत घेणं चुकीचंच," प्रवीण हलक्या आवाजात म्हणाला. "नंबर दिसते ना."

या ठिकाणी मला एक गोष्ट नमूद करायची आहे. चौघांपैकी एकानेही असं विचारलं नाही, की तू खरंच पैसे खाल्ले का. आवक-जावकच्या टेबलावर खायला असतं काय? टपालाचा डिंक. माझ्या चारित्र्यावर विश्वास नव्हता याचं दुःख नाही. पण माझ्यात एवढी हिंमत असेल असं त्यांनी गृहीत धरलं, याने मी थोडा सुखावलो, आणि सुखावलो म्हणून दुखावलो. मी पुन्हा समजावून सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात जनाबाई सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या. माझ्या खोलीत पाच कप एकदम आले. मी तोंड मिटलं.

चहा झाल्यावर सांगू असं ठरवलं. चहानंतर साधना मॅडम आपल्या भावाचं निलंबन कसं झालं होतं ते सांगू लागल्या. मधे बोलणं बरं दिसलं नसतं. बुधवारी तेजरामजी मुरमुरे घेऊन आले. गुरुवारी प्रवीणने कॅरम आणला. कॅरम चौघांत खेळतात आणि त्यात खुलाशाला जागा नसते. भय्याजी रोज आधी येऊन खुर्च्या मांडत. त्यांच्या घरच्या, माझ्या घरी. मी त्यांना एक दोनदा हसतानाही पाहिलं. भंडाऱ्यात मी आलो तेव्हापासून माझ्या संध्याकाळी कशा जातात असं कोणी विचारलं असतं, तर त्या आठवड्यात माझ्याकडे पहिल्यांदाच सांगण्यासारखं उत्तर होतं. फक्त ते खोट्यावर उभं होतं. पण तशी तर माझी गाडीही होती.

बुधवारीच यादी लागली. 'वाहन क्र. ४. चालक : श्री. सार्वे. प्रवासी : श्री. तेजरामजी, श्रीमती साधना, श्री. प्रवीण.' तेजरामजी म्हणाले, अशा वेळी माणसाला एकटं सोडू नये. मी यादीचा फोटो काढला. पुढे आणखी दोन काढले, पहिला थोडा हलला होता.

गुरुवारी दिवसभर भय्याजी दिसले नाहीत. संध्याकाळी आले ते धुळीने भरलेले. एसटीने साकोलीला जाऊन आले होते. तिथे कृष्णराव लांजेवार म्हणून एक निवृत्त अधिकारी राहतात. कधी काळी त्यांच्याच गावचे, मोठ्या पदावर होते, वरती ओळखी असतील. भय्याजींनी त्यांना सगळं सांगितलं. कृष्णराव म्हणाले, रविवारी सकाळी पोराला घेऊन या, मी कागद तयार ठेवतो. हे सांगताना भय्याजी माझ्या खुर्चीवर बसून पायाचे पंजे दाबत होते. येताना गाडीत जागा मिळाली नव्हती. लाखनीपर्यंत उभे होते.

त्या क्षणी सांगायला पाहिजे होतं. कॅरम अजून मांडलेला नव्हता, चहा नव्हता, कोणी मधे बोलत नव्हतं. मी नाही सांगितलं.

शुक्रवारी साहेब आले. साहेबांकडेही गाडी आहे. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि समासात लाल शाईने लिहिलं : 'समोरचे शॉकप असे लिहावे. रजा मंजूर.' अर्ज तेजरामजींच्या टेबलावरून परत माझ्याकडे यायला दहा मिनिटं लागायला हवी होती. दीड तास लागला, कारण मधल्या सगळ्यांनी तो वाचला.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर काही तरी उत्तर देता आलं असतं. तेजरामजी एवढंच म्हणाले, की बायकोने तुझ्यासाठी शनिवार धरला होता. साधना मॅडमनी शब्दकोश कपाटात ठेवून कुलूप लावलं. प्रवीण म्हणाला, ओ, तुम्हाला काहीच झालं नाही तर मग आम्ही कॅरम कायले आणला. यात तर्क होता. मी तेवढ्यापुरता का होईना निलंबित व्हायला हवा होतो असं मलाही वाटलं. संध्याकाळी यादीवर पेनने दुरुस्ती झाली. तिघंही जीपमध्ये गेले. माझ्या ओळीत रकाना रिकामा राहिला नाही. तिथे लिहिलं होतं : 'गोवऱ्या, दोन पोती.'

पानगे गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. त्यामुळे हे काम जबाबदारीचं होतं असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवारी सुट्टी. प्रवीणने पोती आणून टाकली आणि न बसता गेला. एक डिक्कीत मावलं, दुसरं मी समोरच्या सीटवर ठेवलं. सीटवर वजन आलं की गाडी पीं पीं करते, म्हणून त्याला बेल्ट लावला. समोरचं नाक बोटभर खाली आलं. मग मी भय्याजींकडे गेलो. ते ओट्यावर उन्हात बसून बुटांना पॉलिश करत होते, उद्याच्यासाठी.

"भय्याजी, माझं निलंबन होऊन नाही राहिलं."

"थांबवलं का त्यायनं?" त्यांचा चेहरा उजळला.

"नाही. होतंच नव्हतं. ते खरंच गाडीचं होतं. पुढचं म्हणजे समोरचं."

त्यांनी गाडीकडे पाहिलं. समोरच्या चाकांकडे पाहिलं, मग मागच्या. मागचं निलंबन सुस्थितीत होतं. ते म्हणाले, "मंग चार दिवस तू काहून नाही बोलला?"

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. शब्दकोश, तेजरामजी, चहा. मी म्हणालो, "तुम्ही येऊन बसत होते."

त्यांनी बुटावरून आणखी एकदा ब्रश फिरवला, ब्रश डबीत ठेवला, डबी बंद केली आणि आत गेले. त्या संध्याकाळी माझ्या खोलीत पुन्हा एकच खुर्ची होती. बाकीच्या त्यांच्या होत्या, परत गेल्या.

रविवारी सकाळी नऊला मी गाडी काढली तर भय्याजी फाटकाशी उभे. इस्त्रीचा सदरा, पॉलिशचे बूट, हातात पिशवी. ऑटोची वाट पाहत होते. मी काच खाली करून कुठे म्हणून विचारलं. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "साकोली."

"पण आता काम कुठं आहे?"

"त्यायले येतो म्हणून सांगतलं हाय. मानूस वाट पायते."

रावणवाडीचा रस्ता एकीकडे, साकोलीचा दुसरीकडे. पानगे थापायला अकरा वाजणार होते. साकोलीला त्यांना सोडून उलट पावली परत आलो तर वेळेत पोचलो असतो. निदान 'स्पोर' या शब्दावर माझा तेवढा विश्वास होता. मी म्हणालो, बसा, सोडून देतो. ते थोडा वेळ ऑटोच्या दिशेने पाहत राहिले. ऑटो आला नाही. मग त्यांनी मागचं दार उघडलं.

मी म्हणालो, समोर बसा ना, पोतं मागे टाकतो.

"राहू दे," ते म्हणाले. "तो आंधीचा बसला हाय."

आणि ते मागे बसले. मागे वजन आलं तसं समोरचं नाक पुन्हा वर गेलं. कारध्याच्या पुलापासून साकोलीपर्यंत आम्ही तिघं उड्या मारत गेलो. मी, पोतं आणि भय्याजी. सगळ्यात स्थिर पोतं होतं. वैनगंगा गेली, लाखनी गेली, बांधांवर तणसाचे ढीग गेले. मी आरशात पाहिलं की ते खिडकीबाहेर पाहत. एका गतिरोधकावर त्यांचं डोकं छताला लागलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "लोखंड चांगलं हाय." मला वाटतं, ते गाडीबद्दल होतं.

कृष्णरावांनी अंगणात तीन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. त्यांवरचं दव पुसल्याच्या खुणा होत्या, म्हणजे सकाळी लवकर मांडल्या असाव्यात. घरात ते एकटेच. मुली लग्न होऊन दूर. टेबलावर फाइल, फाइलवर पेपरवेट, पेपरवेटशेजारी तीन पेढे. आम्ही फाटकातून आत येईपर्यंत ते उभे राहिले होते.

मी खुलाशासाठी घसा साफ केला. पण भय्याजी माझ्या आधी बोलले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "सायब, पोराचं काम झालं. मांगं घेतलं त्यायनं."

मी भय्याजींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

कृष्णराव खाली बसले. त्यांचा चेहरा आधी जरा पडला, मग हळूहळू त्यावर काही तरी चढत गेलं. ते म्हणाले, "होणारच होतं. परवाच मी एका ठिकाणी शब्द टाकला होता."

"तुमचेच उपकार," भय्याजी म्हणाले.

"कोणाला सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हणालो. या एका बाबतीत मी पूर्ण खरं बोललो.

आता निघायला हरकत नव्हती. साडेदहा वाजत आले होते. पण कृष्णरावांनी फाइलवरून पेपरवेट उचललं. काम झालं आहे तर झालं, ते म्हणाले, पण निवेदन लिहून ठेवलं आहे, तीन दिवस बसलो होतो, निदान ऐकून तर घ्या. भय्याजी खुर्चीत मागे रेलले. मीही बसलो.

निवेदन पाच पानी होतं. सुंदर अक्षर, समास सोडलेला. ते उभं राहून वाचू लागले. पहिल्या पानावर नियम होते. दुसऱ्यावर आणखी नियम. तिसऱ्या पानावर मी आलो. 'अर्जदार हे अत्यंत मनमिळाऊ असून आपल्या सहकाऱ्यांमध्ये विशेष लोकप्रिय आहेत. त्यांच्याभोवती सदैव माणसांचा राबता असतो. त्यांच्या अनुपस्थितीत कार्यालय सुने वाटते.' हे त्यांनी मला न पाहताच लिहिलं होतं. पाहिलं असतं तर कदाचित लिहिता आलं नसतं.

तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन थरथरायला लागला. तेजरामजी बडे बाबू. मी बंद केला. लगेच साधना मॅडम. मग प्रवीण. मग साहेब. मग पुन्हा तेजरामजी. रावणवाडीला सगळं पोचलं होतं. वांगी, कणीक, पळसाची पानं, चाळीस माणसं. नव्हत्या फक्त गोवऱ्या. दोन वर्षांत मला मिळून इतके फोन आले नव्हते. पेढ्यांच्या बशीशेजारी फोन गोल गोल फिरत होता.

कृष्णराव वाचायचे थांबले. चष्म्यावरून त्यांनी पडद्यावरची नावं पाहिली, एकामागून एक येणारी. मग भय्याजींकडे वळून कौतुकाने म्हणाले, "पाहा. मी काही वाढवून लिहिलेलं नाही. किती जीव आहे लोकांचा याच्यावर."

भय्याजींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "खरं हाय ते."

मी फोन उपडा करून ठेवला आणि कृष्णरावांना म्हणालो, घाई नाही, तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचता का.